मेंदू शिकवायला काय घ्यावं: प्लास्टिकचं मॉडेल, बोकडाचा भेजा की एमआरआय?

जूनमध्ये प्रयोगशाळेसाठी थोडे पैसे मंजूर होतात आणि यादी करताना हा प्रश्न येतोच. रत्नागिरीकडच्या ज्युनिअर कॉलेजात मी तिन्ही वापरून पाहिलंय.

मॉडेल सोयीचं. तुकडे रंगीत, लोब म्हणजे मेंदूचे मोठे भाग चटकन कळतात, पावसाळ्यात बुरशी आली तर फडक्याने पुसलं की झालं. पण ते साच्यातलं. पोरं त्यावरच्या वळ्या पाठ करतात आणि सगळ्यांचा मेंदू असाच असतो असं धरून चालतात. पोरांचं सोडा, तालैराख आणि तुर्नू या मेंदूतज्ज्ञांचा १९८८ चा मेंदूचा प्रसिद्ध नकाशा साठ वर्षांच्या एकाच बाईच्या मेंदूवरून केलेला, आणि संशोधक कित्येक वर्षं दुसऱ्यांचे मेंदू त्यावर बसवत होते.

भेजा स्वस्त. मात्र मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने कोयत्याचा घाव मधोमध घालतो. ताजा भेजा लोण्यासारखा, वरचा पातळ पापुद्रा सोलताना वळ्याच हातात येतात. स्पर्श कळतो, एवढंच. माणसाच्या खाचा त्यावर शोधू नका.

माझं मत एमआरआयला. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर नाव-चेहरा काढून टाकलेले स्कॅन फुकट मिळतात. दोन माणसांचे घ्या, एकाचा नको. मध्यरेषेच्या जरा बाजूचा उभा छेद काढा आणि मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे कॉर्पस कॅलोसमच्या, वर बघा. तिथली सिंग्युलेट खाच दोघांतही सापडेल. तिला समांतर आणखी एक खाच काहींना असते, काहींना नसते. ती उजवीपेक्षा डावीकडे जास्त वेळा दिसते, म्हणून एकाच माणसाच्या दोन बाजूही ताडून बघा. ऐकण्याच्या भागातली हेश्लची वळीही तशीच, कुणाला एक, कुणाला दोन. एकसारख्या जुळ्यांच्या वळ्यासुद्धा हुबेहूब जुळत नाहीत.

मी वर्गात खाडीचा दाखला देतो. मध्यखाच, सिल्व्हियन खाच या गर्भातच लवकर पडणाऱ्या खोल खाचा म्हणजे आपल्या शास्त्री-वाशिष्ठीच्या खाड्या, जागा ठरलेली. उशिरा उमटणाऱ्या बारीक खाचा म्हणजे पऱ्हे, छोटे ओहोळ, दर वाडीत निराळे.

फक्त प्रॅक्टिकलपुरतं हवं असेल तर मॉडेल घ्या, वाद नाही. प्रोजेक्टर असेल तर ते पैसे वाचवा आणि दोन मोठे प्रिंट लॅमिनेट करून घ्या. साधा कागद आमच्याकडे श्रावणापर्यंत टिकत नाही.