रंग नेमका कुठे यायला हवा, ते दाखवणारी साइट

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. टिश्यूचे मेणात बसवलेले ब्लॉक कापणं आणि स्लाइड रंगवणं, 19 वर्षं हेच करतेय. कुठलं प्रथिन शरीरात कुठे असतं ते चित्रांत दाखवणारी 'ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलस' ही साइट आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वापरावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात फुफ्फुसाची एक बायोप्सी आली होती. टीटीएफ-1 मार्कर लावला, म्हणजे हे प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग यायला हवा. आणि कंट्रोलला, म्हणजे रंग बरोबर येतोय ना ते पडताळायला, थायरॉइडचा सेक्शन (पातळ काप) ठेवला, कारण त्यात हे प्रथिन असतंच. स्लाइड बाहेर काढली तर थायरॉइड सगळीकडे फिकट तपकिरी. नवीन लागलेली मुलगी खूश झाली, "ताई, रंग आला की!" मी साइट उघडून तिला थायरॉइड दाखवला. तिथे एकेक केंद्रक गडद तपकिरी होतं आणि भोवतीची पेशी स्वच्छ. आमची केंद्रकं निळीच राहिली होती, म्हणजे हवा तिथे रंग आलाच नव्हता. शोधलं तेव्हा कळलं, रंगवण्याआधी सेक्शन ज्यात तापवतात, तो बफर 9 पीएचच्या ऐवजी 6 चा भरला गेला होता. सेक्शन पुन्हा कापले. रिपोर्ट एक दिवस उशिरा गेला, पण बरोबर गेला.

हा प्रकल्प स्वीडनमध्ये 2003 साली मथियास उलेन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. माणसाची साधारण 20,000 जनुकं प्रथिनं बनवतात. त्यातलं कोणतं प्रथिन कुठल्या अवयवात, कुठल्या पेशीत सापडतं, हे अँटिबॉडीने (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूने) रंगवून दाखवायचं काम त्यांनी घेतलं. टिश्यूचे जेमतेम 1 मिलिमीटरचे गोल तुकडे, तेही निरोगी अवयवाचे असतील तर तीन वेगवेगळ्या माणसांचे. रंग नाही, कमी, मध्यम की जास्त, हे प्रत्येक पेशीप्रकाराला लिहिलेलं. ते वाचण्याचं मोठं काम मुंबईतल्या पॅथॉलॉजिस्टांनी केलं आहे, हे कळलं तेव्हा मला फार अभिमान वाटला. दिवसभर डोळे ताणून रंग बघत बसणं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत आहे.

पैसे लागत नाहीत, लॉगिन नाही. मोबाईलपेक्षा मोठ्या पडद्यावर बघा, केंद्रकापर्यंत झूम करता येतं.

शोधताना जनुकाचं अधिकृत नाव वापरा. टीटीएफ1 या अधिकृत नावाचं जनुक वेगळंच आहे. टीटीएफ-1 मार्करसाठी आपल्याला हवं ते एनकेएक्स2-1. शिवाय प्रत्येक प्रथिनाच्या पानावर खात्रीची पातळी दिलेली असते, ती आधी वाचा. 'अनसर्टन' (खात्री नाही) असेल तर त्या चित्रावरून कंट्रोल ठरवू नका. आणि त्यांची अँटिबॉडी आपल्या बाटलीतली असेलच असं नाही, त्यामुळे स्वतःचा कंट्रोल लावायचाच.

आमच्या सोसायटीतले एक काका रिपोर्ट घेऊन आले होते. 'टीटीएफ-1 पॉझिटिव्ह' वाचून त्यांना वाटलं होतं, हे प्रथिन म्हणजेच आजार. मी त्यांना साइटवर निरोगी फुफ्फुस दाखवलं. वायुकोशांच्या भिंतीत तुरळक तपकिरी ठिपके होते. "म्हणजे हे सगळ्यांच्यातच असतं?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं, पेशी कुठली आहे ते ओळखायला डॉक्टर हा मार्कर लावतात, पुढचं त्यांनाच विचारा. त्यांनी चष्मा पुसला आणि ते चित्र पुन्हा एकदा मोठं करून बघितलं.