व्हिसा नाकारला की विकायला येतं ते 'अपील'

जालना जिल्ह्यातल्या एका निवृत्त गुरुजींची आणि त्यांच्या पत्नीची ही फाईल. मुलगी कॅनडात, पहिलं बाळंतपण, म्हणून आईवडिलांनी सहा महिन्यांसाठी जायचं ठरलं. अर्ज मुलीनंच ऑनलाईन भरला आणि दोघांचाही व्हिसा नाकारला गेला. पत्र दोन पानी, इंग्रजीत. चार दिवसांत नातेवाइकांनी एका 'कन्सल्टन्सी'चा नंबर दिला. तिथला माणूस पत्र वरवर चाळून म्हणाला, "सर, हे अपीलमध्ये शंभर टक्के निघतं. माणशी साठ हजार."

कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाला अपील नसतं. फसवणुकीची सगळी इमारत या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून आधी ती नीट समजून घ्या.

व्हिजिटर व्हिसा नाकारल्यावर कॅनडात मार्ग दोनच. एक, नवा अर्ज, जो कधीही करता येतो. दोन, तिथल्या फेडरल कोर्टात न्यायिक पुनरावलोकन. अर्जदार कॅनडाबाहेर असेल तर निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत कोर्टात जावं लागतं. कोर्टाची फी ५० कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले तीन हजारांच्या आसपास. वकिलाची फी मात्र डॉलरमध्ये हजारोंच्या घरात जाते. कोर्ट आधी प्रकरण ऐकायचं की नाही ते ठरवतं, मग ऐकतं. जिंकलात तरी कोर्ट व्हिसा देत नाही. अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने बघायला परत पाठवतं, बस. या कोर्टात तुमच्या वतीने कॅनडातला वकील उभा राहतो. परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारसुद्धा तिथे उभा राहू शकत नाही, मग आपल्याकडचा कन्सल्टन्सीवाला कुठून राहणार?

गुरुजींना मिळालेली पावती बघण्यासारखी आहे. लेटरहेडवर नाही, डायरीच्या पानावर: 'कोर्ट फी ३५,०००. वकील ५०,०००. बायोमेट्रिक दोघांचे २०,०००. इतर १५,०००.' खाली सही, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. यातली बायोमेट्रिकची ओळ तर सरळ दिवसाढवळ्या केलेली चोरी आहे. कॅनडासाठी दिलेले बोटांचे ठसे आणि फोटो १० वर्षं चालतात. पहिल्या अर्जाच्या वेळी देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन दोघांनी ते दिलेलेच होते. खरा खर्च पाहा: पहिल्यांदा अर्जाचे माणशी १०० डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५, दुसऱ्यांदा फक्त १००.

मग त्या माणसाने प्रत्यक्षात केलं काय? नवा अर्ज टाकला आणि त्यालाच 'अपील' म्हणत राहिला. स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या पासवर्डने. दर आठवड्याला फोन केला की उत्तर ठरलेलं, "तारीख पडलीय, जज सुट्टीवर आहेत." तेवढ्यात पहिल्या नकाराचे ६० दिवस उलटून गेले. म्हणजे खरोखर कोर्टात जायचं झालं असतं तरी ते दार बंद झालं. 'तारीख पडलीय' हे वाक्य आपल्याकडे इतकं खपतं, कारण जमिनीच्या वादात वर्षानुवर्षं तारखा पडताना प्रत्येकानं पाहिलेलं असतं.

तो खरं बोलतोय की नाही हे पाच मिनिटांत कळलं असतं. फेडरल कोर्टाच्या प्रत्येक इमिग्रेशन प्रकरणाला 'आयएमएम' या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो आणि कोर्टाच्या संकेतस्थळावर तो नंबर किंवा पक्षकाराचं नाव टाकून प्रकरण शोधता येतं. नंबर मागा. "गोपनीय असतो" असं उत्तर आलं तर समजा, प्रकरणच नाही. राजमुद्रेसारखं चित्र छापलेल्या पीडीएफला काडीची किंमत नाही, ती कुणीही बनवतं.

इथवर नुकसान पैशांचं होतं. खरा घात नव्या अर्जात झाला.

अर्जात एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी कोणत्या देशाचा व्हिसा नाकारला गेला आहे का? कॅनडाचाही त्यात येतो. उत्तर 'हो' असायला हवं होतं आणि खाली दोन ओळींचं स्पष्टीकरण. त्याने 'नाही' भरलं. शिवाय गुरुजींच्या नावे एका पतसंस्थेत १८ लाखांची शिल्लक असल्याचा दाखला जोडला, जो त्या पतसंस्थेने दिलेलाच नव्हता. याला धंद्यात 'बॅलन्स दाखवणे' म्हणतात. अधिकाऱ्याला शंका आली की तो आधी खुलासा मागणारं पत्र पाठवतो आणि उत्तराची मुदत त्या पत्रातच लिहिलेली असते. ते पत्र आलं एजंटच्या ईमेलवर. त्याने ते दाबून ठेवलं. उत्तर गेलं नाही, आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली दोघांवर पाच वर्षांची बंदी आली. नातू शाळेत जायला लागेपर्यंत कॅनडा बंद.

"आम्हाला माहीतच नव्हतं, एजंटने भरलं," हे तिथे सहसा चालत नाही. अर्जावर सही तुमची, तर जबाबदारी तुमची. म्हणून भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत जमा करण्याआधी घ्या आणि नकाराचा तो प्रश्न स्वतः शोधून वाचा. इंग्रजी येत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोराकडून वाचून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही नकोच. अर्जाचं खातं तुमच्या किंवा मुलांच्या ईमेलवर हवं, पासवर्ड तुमच्याकडे हवा. एजंट यावर अडून बसला तर तिथूनच उठा, बाकी काही तपासायची गरज नाही.

पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात मदत करायचा अधिकार तिथल्या वकिलांना, वकील संघटनेच्या सदस्य पॅरालीगलना (कायदा सहायकांना), क्यूबेकच्या नोटरींना आणि इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणाऱ्या तिथल्या नियामक संस्थेच्या परवानाधारकांनाच आहे. त्या संस्थेची यादी सर्वांना खुली आहे, नाव टाकून परवाना चालू आहे का ते बघता येतं. अधिकृत माणूस असला की 'आयएमएम ५४७६' हा प्रतिनिधीचा फॉर्म भरला जातो आणि त्यावर त्याचं नाव येतं. "तुमच्याच नावाने टाकू, माझं नाव नको" म्हणणारा माणूस अधिकृत नसतो.

बाकी देशांच्या नावाने हाच माल वेगळ्या वेष्टनात विकला जातो.

ब्रिटनच्या बाबतीत लोक फसतात ते जुन्या आठवणीमुळे. "आमच्या मेव्हण्याचं अपील झालं होतं की" असं कुणीतरी सांगतं, आणि ते खोटंही नसतं. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना तिथे पूर्वी अपिलाचा पूर्ण हक्क होता. तो २५ जून २०१३ पासून काढून घेतला. आता साध्या व्हिजिटर व्हिसाला अपील नाही आणि प्रशासकीय फेरतपासणीही नाही. मानवी हक्कांच्या मुद्द्यावरचं अपील वेगळं, ते साध्या भेटीच्या अर्जात सहसा बसत नाही. उरतो तो न्यायिक पुनरावलोकनाचा रस्ता. त्यासाठी आधी तिथल्या गृहखात्याला पूर्वसूचनेचं पत्र द्यायचं, उत्तराला साधारण १४ दिवस, आणि निर्णयापासून तीन महिन्यांच्या आत, तेही लवकरात लवकर, न्यायाधिकरणात जायचं. बहुतेकांसाठी कारणं दुरुस्त करून नवा अर्ज हाच शहाणपणाचा मार्ग. खोटी कागदपत्रं सापडली तर ब्रिटनची बंदी दहा वर्षांपर्यंत जाते.

अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसात खिडकीवर कलम २१४(ब) चा नकाराचा कागद हातात पडला, तर त्यावर अपील नाही. परिस्थिती बदलली असेल तर पुन्हा फी भरून अर्ज करायचा. 'कॉन्सुलेटमध्ये सेटिंग' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सेटिंग फक्त त्याच्या आणि तुमच्या खिशात आहे. खोटं पकडलं गेलं तर तिथली बंदी कायमची असू शकते.

शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसात, चित्र उलटं आहे. तिथे अपिलाचा हक्क खरोखर आहे, पण ज्या देशाने नाकारलं त्याच देशाच्या कायद्याने, आणि मुदत देशागणिक वेगळी. नकाराचा जो ठरावीक छापील फॉर्म मिळतो त्यातच कुठे आणि किती दिवसांत दाद मागायची ते लिहिलेलं असतं. तो कागद फेकू नका. जर्मनीपुरतं लक्षात ठेवा: दूतावासाकडे पत्र लिहून फेरविचार मागायची जुनी सोय ('रिमॉन्स्ट्रेशन') १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात एका महिन्याच्या आत दावा, नाहीतर नवा अर्ज. तरी 'रिमॉन्स्ट्रेशन लेटर' पंचवीस हजारांना विकणारे अजून आहेत. ऑस्ट्रेलियात नातेवाईक प्रायोजक असलेल्या काही अर्जांना न्यायाधिकरणात दाद आहे, पण तो अर्ज तिथल्या प्रायोजकाने करायचा असतो, इथल्या एजंटने नाही.

आता मूळ पत्राकडे येऊ, कारण सगळं उत्तर त्यातच असतं आणि ते कुणी वाचत नाही. गुरुजींच्या पत्रात दोन कारणं होती. मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याची खात्री पटली नाही, हे एक. आर्थिक स्थितीवरून प्रवासाचा खर्च झेपेल असं वाटत नाही, हे दुसरं. ज्या घरात दरमहा पेन्शन येते आणि चार एकर बागायत आहे, तिथे हे कसं झालं? पेन्शनचा आदेश लावलाच नव्हता. सातबारा लावला होता, पण मराठीत. कॅनडाला इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं, आणि भाषांतरकार तिथला प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही. अधिकाऱ्यापुढे तो सातबारा म्हणजे रेघोट्यांचा कागद. बँकेच्या खात्यात मात्र अर्जाच्या आठ दिवस आधी पाच लाख रोख जमा झालेले दिसत होते. ते सोयाबीन आणि कापसाचे, शिवाय जावयाने दिलेले, पण कुठेही एका ओळीचा खुलासा नाही.

शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आपल्याकडच्या अनेकांच्या आयकर विवरणपत्रात काही दिसतच नाही. ती पोकळी आडतीच्या पट्ट्यांनी, बाजार समितीच्या पावत्यांनी, आठ-अ आणि सातबाऱ्याने भरावी लागते. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीवर १५ रुपयांत निघतो. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट द्या आणि त्यातली मोठी रक्कम कुठून आली ते शेजारी लिहा. मुलांचं निमंत्रणपत्र, त्यांच्या तिथल्या वास्तव्याच्या दर्जाचा आणि पगाराचा कागद, आणि परत येण्याचं कारण: घरी कोण आहे, शेत कोण बघतं, पेन्शन कुठल्या बँकेत. सहा महिन्यांऐवजी बाळंतपणापुरते तीन महिने मागितले असते तर अर्ज जास्त पटला असता, असं आमचं मत.

पत्रातली कारणं मोघम वाटली तर अधिकाऱ्याच्या नोंदी मागवता येतात. जुलै २०२५ च्या शेवटापासून कॅनडा काही अर्जांच्या नकारपत्रासोबतच त्या नोंदी जोडतो, म्हणून आधी पोर्टलवर सगळ्या फाईली उघडून बघा. नसतील तर तिथे राहणारी मुलगी किंवा मुलगा तुमच्या संमतीच्या सहीने माहितीच्या कायद्याखाली पाच डॉलर भरून मागवू शकतो. उत्तराची कायदेशीर मुदत ३० दिवस, लागतात कधी जास्तही. कोर्टात जायचा विचार असेल तर ६० पैकी निम्मे दिवस इथेच जातात, म्हणून नकार आला त्याच आठवड्यात मागणी टाका.

पैसे गेले असतील तर: यूपीआयने किंवा खात्यातून दिले असतील आणि ताजे असतील तर तासभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवून. पोलिसांत तक्रार फसवणुकीची, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. बनावट दाखला वापरला असेल तर तेही त्यात लिहा, लपवू नका. उद्या बंदीबद्दल खुलासा द्यायची वेळ आली तर स्वतःहून केलेली तक्रार हाच एक कागद तुमच्या बाजूचा असेल. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेसाठी फी नाही आणि मुदत दोन वर्षं. नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा. रोख दिले आणि पावती नाही, तर व्हॉट्सअॅपचं संभाषण निर्यात करून ठेवा आणि ज्या दिवशी पैसे काढले त्या दिवसाची पासबुकातली नोंद दाखवा.

पासपोर्ट अडकवून "आधी बाकी द्या" म्हणणारेही आहेत. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता, तसं पासपोर्टवरच छापलेलं असतं. ती ओळ दाखवून लेखी मागा, नाही दिला तर ठाण्यात जा. गुरुजींचा पासपोर्ट असाच दीड महिना अडकला होता. ठाण्यात अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक पोरगा मोटारसायकलवरून घरी आणून देऊन गेला. पैसे अजून आलेले नाहीत, आयोगातली तारीख पुढच्या महिन्यातली आहे. या वेळची खरी.