डावी ड्रिल वापरा, एक्स्ट्रॅक्टर डब्यातच राहू द्या: तुटक्या स्टडसाठी घेतलेल्या संचाचे परीक्षण

टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ साली डाइम्लर-बेंझशी सहकार्य करून जे ट्रक जमशेदपूरला बांधायला घेतले, त्यांच्या तोंडावर १९६९पर्यंत बेंझचा तीन टोकांचा तारा असे. त्यांतलाच ३१२ मॉडेलचा एक ट्रक सध्या माझ्या शेडमध्ये उभा आहे. सहा सिलिंडरचे सुमारे ४.६ लिटरचे त्याचे डिझेल इंजिन कित्येक वर्षे बंद होते, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा नळ, उतरवताना हेडमधले दहा मिलिमीटर जाडीचे तीन स्टड (बिनडोक्याचे, आटे पाडलेले बोल्ट) एकामागून एक तुटले. पहिल्याचा चार-पाच मिलिमीटर तुकडा बाहेर राहिला, दुसरा बिडाच्या पृष्ठभागाशी सपाट तुटला आणि तिसरा त्याहूनही आत, बोट फिरवले तर खळगा लागावा इतका. या कामासाठी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून ११५० रुपयांना एक संच घेतला. पत्र्याच्या डब्यात पाच डावी ड्रिल आणि त्यांच्या जोडीचे पाच निमुळते एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका तुकडा आतून पकडून फिरवायची हत्यारे, ज्यांना गॅरेजात सगळे ‘ईझी आउट’ म्हणतात. याच घडणीचे संच अनेक नावांनी विकले जातात, म्हणून डब्यावरचे नाव येथे देत नाही.

पहिल्या स्टडसाठी डबा उघडावाच लागला नाही. तुकडा बाहेर असेल तेव्हा त्यावर नट बसवून नटाच्या पोकळीत वेल्डिंग भरणे हाच उत्तम मार्ग आहे. त्यात नट पकडायला मिळतो हे तर झालेच, पण खरे काम वेल्डिंगची उष्णता करते. लोखंड गंजले की गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते आणि आट्यांच्या फटीत ती नसल्यामुळे स्टड सर्व बाजूंनी आवळला जातो. लालबुंद झालेला तुकडा फुगतो, निवताना आक्रसतो, आणि या ओढाताणीत गंजाची पकड सुटते. वेल्डरने पहिला नट घाईने फिरवला तेव्हा तो निखळून हातात आला. दुसरा बसवल्यावर लाली जाईपर्यंत थांबलो, आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आत ओढले गेले, आणि मग पान्याने आधी किंचित आवळून नंतर सोडवल्यावर स्टड करकरत बाहेर आला.

दुसऱ्या स्टडने मात्र संचाचे पैसे वसूल केले. डाव्या ड्रिलची धार उलट्या फेऱ्याची असते, त्यामुळे ते भोक पाडत असताना त्याचा सगळा पिळ स्टड सोडवण्याच्या दिशेने पडतो. साधे ड्रिल याच्या नेमके उलट करते, तुकड्याला आणखी आत दाबते. ड्रिल मशीन उलटे फिरणारे हवे, ही अट विकत घेताना कोणी सांगत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मशीनना ती सोय नसते. तुटलेला चेहरा कानशीने सपाट केला, पंचाने मधोमध खूण केली आणि तेल सोडत हळू वेगाने आधी तीन आणि मग पाच मिलिमीटरचे भोक पाडायला घेतले. (खूण सरकली तर पुढचे भोक बिडाच्या आट्यांत शिरू शकते, म्हणून या पायरीवर मी अर्धा तास घालवला आणि त्याची खंत नाही.) पाचचे ड्रिल सेंटीमीटरभर आत गेले असेल, तोच ते स्टडमध्ये अडकले, आणि हात सैल करण्याआधीच तुकडा ड्रिलबरोबर फिरत बाहेर आला. एक्स्ट्रॅक्टरला हातही लावावा लागला नाही.

तिसऱ्या स्टडला तो लावला, आणि तिथे फसलो. आत तुटलेल्या तुकड्याला भोक नीट मधोमध पडले होते, पण तो ड्रिलच्या पिळाला हलला नाही. नियमाने तेव्हा थांबून पुन्हा तापवायला हवे होते. त्याऐवजी मी तीन नंबरचा एक्स्ट्रॅक्टर हातोडीने ठोकून बसवला आणि टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) दांड्याने फिरवला. निमुळता, मळसूत्री एक्स्ट्रॅक्टर जितका आत शिरतो तितका तुकड्याला आतून फुगवतो. म्हणजे जो स्टड आधीच गंजाने जाम आहे, त्याला आपण आणखी आवळत असतो. शिवाय एक्स्ट्रॅक्टरचे पोलाद पाणी देऊन इतके कडक केलेले असते की ते वाकत नाही, तुटते. काच तडकावी तसा बारीक आवाज झाला, आणि स्टडच्या पोटात आता असा तुकडा उरला ज्याच्यावर हायस्पीड स्टीलचे ड्रिल नुसते घसरते.

इथून पुढे घरगुती उपाय नाही. हेड उतरवून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात नेले, जिथे स्पार्क इरोजनचे मशीन आहे. तेलात बुडवलेल्या कामावर तांब्याच्या इलेक्ट्रोडमधून ठिणग्या पडतात आणि धातू कणाकणाने झिजतो. धातू कडक आहे की मऊ, याचा ठिणगीला फरक पडत नाही. दोन तासांत तुकडा निघाला, मूळ आटे शाबूत राहिले, टॅप फिरवून साफ करण्यापलीकडे काही करावे लागले नाही. मजुरी मात्र संचाच्या किमतीहून जास्त पडली, आणि हेड उतरवल्यामुळे गॅस्केटचा खर्च वेगळा.

दोष संचाचा किती आणि माझा किती? घाई माझी होती. पण डब्यातल्या छापील पत्रकावर नेमका हाच क्रम दिला आहे: भोक पाडा, ठोका, फिरवा. तापवण्याचा, तेल सोडून रात्रभर ठेवण्याचा किंवा जोर लागतोय असे वाटताच थांबण्याचा त्यात उल्लेख नाही. शिवाय पाचांपैकी सगळे एक्स्ट्रॅक्टर मळसूत्री आहेत. सरळ खाचांचे, स्टडला कमी फुगवणारे असते तर मी त्यांच्याकडे थोड्या जास्त विश्वासाने पाहिले असते. बुटक्या स्क्रूसाठी, जिथे गंज कमी आणि फक्त डोके तुटलेले असते, तिथे हे चालतील. एक्झॉस्टच्या स्टडला नाही.

ड्रिलबद्दल तक्रार नाही. पाचचे दोनदा बोथट झाले आणि दोन्ही वेळा धार लावताना ग्राइंडरवर डावी-उजवी उलटी धरावी लागते हे विसरून मी आधी ते बिघडवले. डावी ड्रिल सुटी मिळत असतील तर तीच घ्यावीत, निम्म्या पैशांत काम होईल. नव्या स्टडवर पितळी नट आणि तांब्याचे अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, लावले आहे. डब्यातली तीन नंबरची जागा रिकामी आहे, आणि तिथे सध्या मेणबत्तीचा तुकडा ठेवला आहे.