ठाणे खाडीतील रोहित पक्षी आणि ऐरोलीची बोटफेरी

२०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेल्या ठाणे खाडीत ऐरोलीहून निघणारी बोटफेरी हिवाळ्याच्या अखेरीस केली, तर रोहित पक्ष्यांचे थवे बरेच जवळून पाहता येतात. आमच्यासमोरचा एक पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाण्यातून शेवाळ गाळून खात होता, आणि उडताना त्याच्या पंखांतला लाल रंग क्षणभर झळकला. तेवढ्यासाठीही ही फेरी मोलाची वाटते. फेरीची वेळ भरती-ओहोटीवर ठरत असल्यामुळे ती आधी विचारूनच निघावे. दुर्बीण अवश्य न्यावी. काही सहप्रवाशांच्या मोठ्या आवाजाने एक थवा दूर गेला, याचे फार वाईट वाटले. परतताना काठावरची तिवरांची दाटी मात्र निवांत न्याहाळता आली.