पाठीवरच्या पंपाचं पिवळं नोझल: आठ महिन्यांनंतर

मृगात पेरणी झाली तेव्हा बॅटरी पंपासाठी चपट्या फवाऱ्याचं पिवळं नोझल घेतलं. आता हरभरा सोंगणीला आला, तर लिहितो. वावर यवतमाळ जिल्ह्यात. पऱ्हाटी (कापूस), तूर, सोयाबीन.

दुकानदार म्हणाला, नोझल म्हणजे नोझल, कोणतंही लावा. तसं नाही. पिवळा रंग म्हणजे ०२ माप, ३ बार दाबाला मिनिटाला सुमारे ८०० मिली. माझ्या पंपावर भांडं धरून मोजलं तर ६५० भरलं, म्हणजे दाब २ बारच्याच आसपास.

एकदा उन्हासमोर फवारा धरून मोबाइलवर स्लो मोशन काढला. बाबा धुऱ्यावरून ओरडले, "पोट्ट्या, फवारनं राह्यलं बाजूले, पानी कायचं पाह्यतं?" पण पाहण्यासारखंच होतं. पाणी थेंब होऊन निघतच नाही. आधी दोन-तीन बोटं लांब, काचेसारखा पडदा निघतो. पुढे तो पसरत पातळ होतो, झेंड्यासारखा फडफडतो, आडवा फाटतो. फाटलेल्या पट्ट्यांचे दोरे होतात आणि दोऱ्यांचे मणी. (बारीक धार थेंबांत का तुटते, याचं गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले यांनी १८७८ मध्येच मांडलं होतं, बीएस्सीला पाठ केलं, समजलं वावरात.)

तेव्हापासून मी पंपाचा आवाज नाही, पडदा पाहतो. बॅटरी उतरली की तो लांबतो, फवारा अरुंद होतो, थेंब जाड पडून पानावरून घरंगळतात. दाब वाढवला की पडदा आखूड आणि बारीक धुकं. ते वाऱ्यावर शेजारच्या पिकात, नाहीतर आपल्याच नाकात. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात जीव गेले, त्यामुळे धुकं दिसलं की मी थांबतो.

खरी गंमत ईसी औषधाची, म्हणजे पाण्यात बारीक तेलकट कणांनी मिसळणाऱ्या औषधाची. पाणी दुधासारखं झालं की पडद्याला फडफडायच्या आधीच भोकं पडतात. पृष्ठताण भोकाची कडा मागे ओढतो, भोकं वाढत एकमेकांना भिडतात, मधे नुसती जाळी उरते. पडदा तोंडाजवळ, जाड असतानाच फाटला म्हणून थेंबही मोठे. दाब तोच, नोझल तेच!

सोयाबीनच्या तणनाशकाला हे नोझल उत्तम. पऱ्हाटी कमरेएवढी झाल्यावर मात्र नाही. तुडतुडे पानाखाली बसतात, तिथवर हे पोचत नाही. त्यासाठी गोल फवाऱ्याचंच लावलं.

एक चूक माझी. पहिलं नोझल कचऱ्यानं तुंबलं, मी सेफ्टी पिन घातली. तोंडाला चरा पडला, पडदा मधोमध दुभंगला आणि सोयाबीनमध्ये तणाचा एक लांब पट्टा दिवाळीपर्यंत हिरवा उभा होता. आता दात घासायचा जुना ब्रश, बस.

दुसरं अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात मोजलं, ६५० चं ७०० झालंय. नव्यापेक्षा दहा टक्के जास्त पाणी सोडायला लागलं की बदलायचं, म्हणजे ७१५ ला. पेरणीआधी नवं आणतो, पिवळंच.