परसातल्या मत्स्यहौदाचे पाणी नितळ ठेवण्यासाठी पाणवनस्पती, बायोफिल्टर की यूव्ही दिवा?

परसातल्या हौदात मासे सोडल्यावर काही आठवड्यांतच पाणी हिरवे होते, तेव्हा पहिला खर्च कशावर करावा हे ठरवण्याआधी पाणी कशामुळे गढूळ झाले आहे ते ओळखणे आवश्यक असते. काचेच्या पेल्यात हौदातले पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवावे. तळाशी गाळ बसून वरचे पाणी स्वच्छ झाले, तर दोष मातीचा आहे. पाणी हिरवेच राहिले, तर ते तरंगत्या एकपेशीय शेवाळाचे आहे. आणि कोऱ्या चहासारखा रंग आला असेल, तर तो बहुधा कुजणाऱ्या पाल्याचा आहे. मातीवर उपाय सोपा आहे. हौदाचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवला की पावसाळ्यात अंगणातला लोंढा आत येत नाही. पाला जाळीने काढता येतो. खरी निवड करावी लागते ती हिरव्या पाण्यासाठी.

यूव्ही दिव्याचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो. पंपाने ओढलेले पाणी बंद नळीतल्या दिव्याजवळून जाते, त्याच्या अतिनील किरणांनी शेवाळाच्या पेशी निकामी होतात, त्यांचे पुंजके बनतात आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. पाण्याचा वेग दिव्याच्या क्षमतेला साजेसा असेल, तर एक-दोन आठवड्यांत तळ दिसू लागतो. मात्र हा दिवा माशांच्या उत्सर्गातून पाण्यात येणारा विषारी अमोनिया काढत नाही, भिंतींना चिकटलेल्या लांब तंतूंच्या शेवाळावर त्याचा परिणाम होत नाही आणि मेलेले शेवाळ वेळीच बाहेर काढले नाही, तर त्यातली पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यातच मिसळतात. शिवाय दिवा पेटलेला दिसत असला तरी त्याच्या किरणांची तीव्रता घटत जाते, म्हणून साधारण वर्षाने तो बदलावा लागतो आणि त्यावरची काचनळी मधूनमधून पुसावी लागते. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही मासे गुदमरू शकतात, ही गोष्ट दिवा विकत घेणाऱ्याला कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवी असे मला वाटते.

बायोफिल्टर याच्या नेमका उलट आहे. त्याचा परिणाम डोळ्यांना उशिरा दिसतो, पण माशांना तो सर्वांत आधी लागतो. स्पंज, खडी किंवा प्लास्टिकच्या चकत्यांवर वाढणारे जिवाणू माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत तयार होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि त्या काळात मासे थोडे व खाद्य कमी ठेवावे लागते. स्पंज नळाच्या पाण्याखाली धुतला की क्लोरीनमुळे ही वसाहत मरते. म्हणून तो हौदातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात खंगाळावा. वीज अनेक तास जाणाऱ्या गावांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबले की जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, ते मरतात, आणि वीज आल्यावर पहिले दुर्गंधीयुक्त पाणी हौदात जाऊ न देता बाहेर सोडावे लागते. तरीही नायट्रेट पाण्यातच साठत राहते व शेवाळ त्यावरच पोसते, त्यामुळे एकट्या बायोफिल्टरने हिरवेपणा जाईलच असे नाही.

वनस्पती नेमके हेच नायट्रेट शोषून घेतात. कुमुदिनीची पाने पृष्ठभागाचा अर्धा ते दोन-तृतीयांश भाग झाकतील एवढी वाढली की शेवाळाला ऊन मिळत नाही. पाण्यात बुडालेली हायड्रिला आणि काठावरच्या खडीत लावलेली कर्दळ किंवा वेखंड पोषकद्रव्ये ओढून घेतात. वीज लागत नाही, खर्च थोडा होतो आणि गप्पी किंवा मोजके गोल्डफिश असलेल्या हौदाला एवढे पुरते. पण काम सुटत नाही. पिवळी पाने वेळेवर काढावी लागतात, कारण ती कुजली तर घेतलेले सगळे पाण्यालाच परत करतात. आणि वनस्पती रात्री प्राणवायू वापरत असल्याने फार दाट हौदात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. जलपर्णी शोषणात उत्तम असली तरी मी ती सुचवणार नाही, कारण उपटून ओढ्यात टाकलेली एक फांदीही पुढे नदी व्यापते, आणि पंचगंगा व मुळा-मुठेची अवस्था आपण पाहतोच आहोत.

निर्णय मुख्यतः माशांवर अवलंबून असावा. कोई मासे (शोभेचे रंगीत कार्प) दोन फुटांपर्यंत वाढतात, भरपूर खातात आणि वनस्पती उपटतात, म्हणून त्यांच्यासाठी बायोफिल्टर अनिवार्य आहे, कर्दळ वेगळ्या खडीच्या वाफ्यात लावावी आणि यूव्ही दिवा नंतर जोडावा. उदाहरणार्थ, दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल हौदात 2,250 लिटर पाणी मावते. हे सर्व पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे यासाठी ताशी सुमारे 1,100 लिटरचा पंप लागतो. पंप 20 वॉटचा आणि दिवा 11 वॉटचा धरला, तर अहोरात्र चालवून महिन्याला साधारण 22 युनिट वीज खर्च होते. कोई पाळायचे असल्यास मात्र एवढ्या हौदावर समाधान मानू नये. खोली किमान एक मीटर तरी असावी. छोट्या, उन्हातल्या, गप्पींच्या हौदासाठी मी आधी वनस्पतींवर आणि सावलीवर खर्च करीन.

तुरटी आणि मोरचूद यांचा पर्याय मी बाजूला ठेवला आहे. तुरटी गाळ बसवते, पण पाण्याची आम्लता वाढवते, आणि मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यात हा बदल माशांना सहन होत नाही. मोरचुदाने शेवाळ मरते, पण त्यातले तांबे माशांना व गोगलगायींनाही विषारी ठरते.

कोणताही पर्याय निवडला तरी खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे आणि आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलावे. नवे पाणी पालिकेचे असेल, तर त्यातला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने आधी निष्प्रभ करावा. काढलेले पाणी गटारात न सोडता परसातल्या झाडांना घालावे. त्यातले नायट्रेट त्यांना उपयोगी पडते.