फुल मॅरेथॉन जोडीने धावायची की एकट्याने? आणि वाटेत खायचं काय?

पहिल्या फुल मॅरेथॉनला नाव घातलं की दोन प्रश्न हमखास येतात. सोबत कुणी घ्यावं का? आणि वाटेत जेल (पाकिटातला गोड, दाट पाक) खायचं की खजूर, चिक्की? बहुतेक जण हे दोन वेगळे विषय धरतात. मला ते एकच वाटतात, कारण जोडीदारामुळे वेग बदलतो आणि वेग बदलला की इंधनाचा सगळा हिशेब बदलतो. माझं मत आधीच सांगते. सराव जोडीने करा, वेग जवळपास सारखा असेल तरच शर्यतीत तिसाव्या किलोमीटरपर्यंत एकत्र राहायचं ठरवा आणि खाण्यापिण्याची योजना ज्याने त्याने आपापली ठेवा.

हिशेब काय आहे

स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण १६०० ते २००० किलोकॅलरींचं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, असतं. धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी अडीच हजारांच्या आसपास लागतात. मधली तूट चरबीतून भरून निघते, पण वेग वाढला की चरबीचा वाटा घटतो आणि ग्लायकोजेन भराभर संपतं. तीस-बत्तीस किलोमीटरनंतर अनेकांचे पाय अचानक उचलेनासे होतात, त्याचं मोठं कारण हे. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट बाहेरून घ्यावं लागतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही घेऊन पोटाला सराव दिला तर काही जण ९० पर्यंतही जातात, पण पहिल्याच मॅरेथॉनला तो हट्ट नको.

सरावात जोडीदार

इथे मला फारशी शंका नाही. डिसेंबरात पहाटे पाचला पुण्यात एनडीए रोडला किंवा पाषाणच्या बाजूला काळोख असतो, थंडी असते, भटकी कुत्री असतात. बाईमाणसाला त्या वेळी एकटीने तीस किलोमीटर धावणं मनावर ओझं टाकणारं असतं. कुणीतरी खाली गेटपाशी उभं आहे एवढ्यानेही पांघरूण बाजूला होतं. शिवाय गप्पा हा वेगाचा उत्तम मीटर आहे. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागत असेल, तर लाँग रनसाठी (सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावेसाठी) तो वेग जास्त आहे.

जोडीदाराचा सर्वात मोठा उपयोग मात्र खाण्याच्या बाबतीत होतो. थकवा चढायला लागला की खायची इच्छाच मरते आणि नेमकी तेव्हाच खायची गरज असते. माझी जोडीदार आमच्याच सोसायटीतली. एरवी अखंड बोलणारी, पण पंचवीस किलोमीटरनंतर ‘हं’ आणि ‘नको’वर येते. खजुराची पुडी मुठीत धरून धावत राहते, उघडत नाही. “घे गं एक,” म्हटलं की, “नंतर घेते.” “नंतर नाही, आत्ता घे.” मग ती एक तोंडात टाकते, दोन घोट पाणी पिते आणि दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा मुलाच्या परीक्षेबद्दल बोलायला लागते. एकट्याने धावताना हे काम घड्याळाच्या गजरावर सोपवावं लागतं आणि गजर बंद करणं फार सोपं असतं.

एकट्याच्या सरावातही जमेची बाजू आहे. वेग तुमचा, थांबा तुमचा. मार्ग मात्र फेऱ्यांचा निवडा. विद्यापीठाचा परिसर किंवा घराजवळचा चार-पाच किलोमीटरचा वळसा धरला तर स्कूटरच्या डिकीत पाणी आणि खाऊ ठेवता येतो, अंगावर वाहायला लागत नाही. शेवटच्या दोन-तीन लाँग रनपैकी एक तरी मुद्दाम एकट्याने करा. शर्यतीत जोडीदाराला गोळा आला, तर उरलेलं अंतर तुमचं तुम्हालाच कापायचं आहे.

शर्यतीच्या दिवशी

इथे पारडं फिरतं. सोबतीची ताकद मोठी असते हे खरंच. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने २०१९ मध्ये व्हिएन्नात १:५९:४० मध्ये हे अंतर पार केलं, तेव्हा आळीपाळीने वेग राखायला ४१ पेसर होते आणि पेयाच्या बाटल्या सायकलवरून हातात दिल्या जात होत्या. त्याला फक्त धावायचं होतं. (अशी मदत घेतल्यामुळे आणि ती खुली शर्यत नसल्यामुळे तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही.) पण ते पेसर त्याच्या वेगाने धावत होते. तुमचा मित्र त्याच्या स्वतःच्या वेगाने धावतो.

तुमचा वेग किलोमीटरला सात मिनिटांचा असेल, तर शर्यत ४ तास ५५ मिनिटांत होते. जोडीदार साडेसहाचा असेल तर त्याची ४ तास ३४ मिनिटांत. त्याला सोडवत नाही म्हणून तुम्ही पावणेसातने धावलात, तर पहिल्या हाफला काहीच जाणवणार नाही, उलट मजा येईल. ग्लायकोजेन मात्र तेव्हापासूनच जास्त जळत असतं. हळू धावणाऱ्यासाठी वेगवान माणसाने थांबणं तेवढं घातक नाही, पण पाण्याच्या प्रत्येक स्टॉलवर वाट पाहत उभं राहिलं की पाय आखडतात.

तिसरा पर्याय म्हणजे पेसरची बस, म्हणजे ठरलेल्या वेगाने धावणाऱ्या पेसरच्या मागे जाणारा घोळका. मुंबई मॅरेथॉनमध्ये तर बस मोठ्या असतात. वेग स्थिर मिळतो, पण स्टॉलवर सगळी बस एकदम पाण्यावर येते आणि गर्दीत जेल फोडायचं राहून जातं. बस पकडलीत तर जेल स्टॉलच्या शंभर-दोनशे मीटर आधी तोंडात गेलेलं असू द्या.

जेल, खजूर आणि बाकीचं

एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. तासाला दोन घेतली की काम झालं. चावावं लागत नाही, मोजमाप सोपं. पण महाग, चव चिकट गोड, आणि सोबत साधं पाणीच हवं. जेलवर एनर्जी ड्रिंक प्यायलं की पोटात साखर दाटते आणि मळमळतं.

लहान बिनबियांच्या खजुरात पाच-सहा ग्रॅम. तासाला ४५ ग्रॅम हवे तर आठ खजूर, म्हणजे साडेचार तासांत पस्तीसच्या घरात! तेवढं चावणं धापेत जमत नाही, तंतूही पोटात जड होतात. म्हणून पूर्वार्धात खजूर, उत्तरार्धात जेल हे मला सर्वात पटलेलं जुगाड आहे. खजुराला आदल्या रात्री चिमूटभर मीठ चोळून बटर पेपरमध्ये दोन-दोनच्या पुड्या करा. झिप पिशवीत ते एकमेकांना चिकटतात आणि घामट बोटांनी सुटत नाहीत.

शेंगदाण्याची चिक्की सरावानंतर खा. दाण्यातल्या तेलामुळे पचायला वेळ लागतो, शिवाय धावताना कण घशात जातात. केळं शर्यतीआधी उत्तम. लिंबू सरबत कमी लेखू नका. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर आणि थोडं मीठ घातलं की चांगलं इंधन तयार. ओआरएस मात्र इंधन नाही. लिटरमागे त्यात ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम असतं. ते पाणी आणि क्षारांसाठी.

यातलं काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका. मधुमेह असेल तर ही सगळी आकडेवारी आधी डॉक्टरांसमोर ठेवा.

पाणी

साखर शोषायची आतड्याची मर्यादा वजनावर फारशी अवलंबून नसते. त्यामुळे तासाचे ग्रॅम दोघांचे सारखे असू शकतात. घाम मात्र माणसागणिक वेगळा. एक तास काही न पिता धावा, आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. एकाचा अर्धा लिटर, दुसऱ्याचा सव्वा लिटर असं सहज होतं. जोडीदार पितोय म्हणून प्यायलात, तर एक कोरडा पडेल किंवा दुसऱ्याचं पाणी जास्त होईल. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. पुण्याच्या कोरड्या थंडीत सराव करून जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जाणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात, नेमका टाकी रिकामी होताना येतो.

वेगातला फरक किलोमीटरला दहा सेकंदांच्या आत असेल तर सुरुवातीपासून एकत्र धावा. दर ३० मिनिटांनी दोघांनी एकमेकांना “घेतलंस का?” विचारायचं, पण खायचं आपापल्या कमरेच्या पट्ट्यातलं. फरक त्याहून जास्त असेल तर सुरुवातीलाच वेगळे व्हा आणि संपल्यावर भेटायची जागा ठरवून ठेवा. एकत्र धावणार असाल तर तिसाव्या किलोमीटरला कोण पुढे जाणार हे आदल्या रात्रीच बोलून घ्या. तिथे पोचल्यावर विचारलंत तर दोघंही “तू जा” म्हणत थांबून राहतील.